चिकट चेंबर आणि खोबरेल तेल

खानापूर-बेळगावकडच्या बंदूक परवानाधारकांमध्ये एक सल्ला बरीच वर्षे फिरतो आहे : पॉइंट २२ रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या भोकात) काडतूस अडकू लागले, की खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावेत. तेलाने वस्तू सरकते हा रोजचा अनुभव असल्याने तो पटतो. परंतु येथे अडथळा वेगळाच असतो.

पॉइंट २२चे काडतूस रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारे, असते. त्याच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेण किंवा वंगण असते. ते, काजळी आणि शिशाचे कण चेंबरच्या भिंतीवर साचतात. त्यातच ‘शॉर्ट’ या आखूड प्रकारची काडतुसे वापरली असतील, तर त्यांची केस (काडतुसाची धातूची नळी) सुमारे ११ मिलिमीटरच असल्याने तिच्या तोंडापुढे मळाचे कडे तयार होते आणि नंतर घातलेली सुमारे १५.५ मिलिमीटरची ‘लाँग रायफल’ या लांब प्रकारच्या काडतुसाची केस त्यावर अडते. तेलाने हे कडे निघत नाही, उलट तेलात नवी काजळी धरते. तेल काडतुसात झिरपल्यास बार फुसका जाण्याचीही शक्यता असते. (शिवाय बेळगावच्या थंडीत खोबरेल गोठते, ते वेगळेच.)

पडताळा सोपा आहे. शस्त्र पूर्ण रिकामे करून सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) काढावा आणि उजेडाकडे धरून आतले काळपट कडे पाहावे. मग एकच चेंबर बंदुकीच्या सॉल्व्हंटने व कांस्याच्या ब्रशने घासून कोरडे करावे. सुट्या सिलिंडरमध्ये काडतूस त्या चेंबरात सहज उतरले आणि शेजारच्यात अडले, तर कारण मळच होते. सँडपेपर मात्र लावू नये. स्वच्छ चेंबरमध्येही काडतूस अडत असेल, तर रिकामा चाप ओढल्याने फायरिंग पिनने (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीने) चेंबरची कड ठेचलेली असू शकते. ते काम परवानाधारक कारागिराचे.