औषध चालू असताना आलेलं नैराश्य आणि औषधामुळे आलेलं नैराश्य

एक जण म्हणतो, "ही गोळी सुरू केली आणि मला डिप्रेशन आलं." दुसरा लगेच म्हणतो, "गोळीने कुठे डिप्रेशन येतं? मनाचे खेळ आहेत." दोघंही ठाम असतात आणि दोघांनीही तारखा विचारलेल्या नसतात. ही गल्लत इतक्यांदा वाचली आहे की आता ती सविस्तर सोडवायलाच हवी.

नैराश्य म्हणजे काय, हे इथे सांगत नाही. औषधांनी ते येऊ शकतं, हेही आधीच मान्य करून टाकू. हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी पूर्वी इंटरफेरॉन अल्फा देत, तेव्हा साधारण चारातल्या एका रुग्णाला उपचार चालू असताना नैराश्य यायचं. रिमोनाबंट हे वजन उतरवण्याचं औषध मानसिक दुष्परिणामांमुळेच २००८ साली युरोपात थांबवलं गेलं. दम्याच्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये मनःस्थितीबद्दलचा सर्वांत कडक इशारा लावला. चक्कर आणि मायग्रेनसाठीचं फ्लुनारिझिनही या यादीत आहे. तेव्हा "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी आता थांबावं.

पण दुसऱ्या टोकाचे लोक खोक्यातलं माहितीपत्रक उघडतात, बारीक अक्षरांत "नैराश्य" दिसलं की गुन्हेगार सापडल्याचं जाहीर करतात. त्या पत्रकात चाचणीदरम्यान लोकांनी सांगितलेल्या तक्रारीही येतात, आणि तशाच तक्रारी चाचणीत औषधाऐवजी बिनऔषधाची नकली गोळी घेणाऱ्या गटातही असतात. यादीत नाव आहे एवढ्यावरून औषधावर संशय घेता येतो. आरोप सिद्ध होत नाही.

खरी मेख वेळेत आहे. बहुतेक जण एवढंच पाहतात की त्रास औषधानंतर आला. पण जो माणूस दहा वर्षं रक्तदाबाची गोळी घेतोय, त्याच्या आयुष्यात घडणारं सगळंच "औषधानंतरचं" असतं! डोस तोच, गोळी तीच, आणि मन या महिन्यात खचलं, तर ती गोळी संशयितांच्या यादीत तळाला जाते. (जोडीला नवं औषध आलंय का, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलंय का, हे मात्र तपासावं, जुनं औषध त्यामुळे अंगात साठू शकतं.) विचारायचं ते असं: औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला, पहिलं लक्षण कोणत्या आठवड्यात दिसलं, आणि औषधाच्या आधीच्या काही महिन्यांत मन कसं होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रुग्णापेक्षा घरचे बरं देतात.

स्टेरॉइडचं उदाहरण घ्या. समजा, एखाद्याला प्रेडनिसोलोन सुरू झालं, रोज ६० मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात तो रात्री दोन वाजता उठून कपाट आवरतो, अखंड बोलतो. घरचे खूश, औषध लागू पडलं म्हणून. पुढे डोस उतरू लागतो आणि तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, ताट तसंच परत पाठवतो. आता सगळे म्हणतात, आजार उलटला. खरं तर दोन्ही वळणं डोसच्या तारखांवर नेमकी बसतात. १९७२ च्या बोस्टनमधल्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के. डोसबरोबर त्रास असा चढत असेल, तर औषधावरचा संशय बळकट होतो.

उलट उदाहरण व्हॅरेनिक्लिनचं. सिगारेट सोडायला घ्यायच्या या गोळीवर २००९ मध्ये अमेरिकेत कडक इशारा लागला आणि मोठ्या चाचणीनंतर २०१६ मध्ये तो काढला गेला. निकोटिन सुटलं की मन तसंही उतरतं, आणि लोक गोळी सुरू करतात ती नेमकी सिगारेट सोडतानाच. तारखा जुळल्या तरी कारण दुसरं असू शकतं, ते असं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनचा वाद याच जातीचा आहे, कारण चेहराभर मुरुमं हेसुद्धा खचायला पुरेसं कारण असतं.

प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं (रक्तदाब आणि हृदयासाठीची) नैराश्य आणतात म्हणून उगाच बदनाम झाली आहेत. २००२ मध्ये ३५,००० हून जास्त रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्यांत नैराश्य लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. थकवा मात्र किंचित वाढला होता. थकवा म्हणजे नैराश्य नव्हे: थकलेला माणूस संध्याकाळच्या फेरफटक्याला जायचं म्हणतो पण पाय चालत नाहीत. खचलेल्याला जावंसंच वाटत नाही.

माझा सगळ्यात जास्त राग "बंद करून बघ" या सल्ल्यावर आहे. बीटा ब्लॉकर एकदम सोडलं तर हृदयाचं दुखणं उसळू शकतं, फिटची गोळी सोडली तर फिट येऊ शकते, आणि बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर जीवावर बेतू शकतं. औषध थांबवून फरक पाहणं ही पडताळणी चांगलीच आहे, पण ती डॉक्टरांनी, डोस हळूहळू उतरवत करायची. त्यांच्याकडे जाताना "या गोळीने झालं" हा निकाल नेऊ नका, तारखांचा कागद न्या.

नैराश्यावरच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं आणि रडवेलेपणा येऊ शकतो. तो बहुधा गोळी सुटल्याचा त्रास असतो. आजार परतायला सहसा आठवडे-महिने लागतात, आणि तो येताना डोक्यातली ती वीज आणत नाही. मरणाचे विचार येत असतील तर मात्र तारखा, कागद, कारण सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.