वायमिया बे

वायमिया बे : हवाई बेटसमूहातील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा अर्धवर्तुळाकार बाक, म्हणजे छोटा उपसागर (बे), आणि महाकाय लाटांवरील सर्फिंगचे आद्य ठिकाण. उन्हाळ्यात इथे पाणी तळ्यासारखे निवांत असते आणि मुले खडकांवरून उड्या मारतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मात्र त्याच पाण्यात उतरायला निष्णात पोहणारेही धजावत नाहीत.

याचे कारण दूर उत्तरेला आहे. हिवाळ्यात अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांच्या परिसरात वादळे उठतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर उघड्या समुद्रातून प्रवास करत हवाईला पोचतात. ही बेटे म्हणजे खोल समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी. खंडांच्या किनाऱ्यालगत असतो तसा रुंद, उथळ समुद्रतळ इथे नाही, त्यामुळे वाटेत लाटेचा जोर फारसा मोडत नाही. ती अचानक खडकाळ तळाला अडते आणि उभी राहते. वायमियाचे वैशिष्ट्य असे की शेजारच्या किनाऱ्यांवर लाटा बेशिस्त कोसळू लागल्या तरी इथे त्या बऱ्याचदा बाकाच्या टोकापाशी, ठरल्या जागी फुटतात. सर्फरची खरी परीक्षा लाटेच्या माथ्यावरून खाली झेपावण्याच्या पहिल्या काही क्षणांत होते. त्यासाठी ‘गन’ नावाचे नऊ-दहा फूट लांब, निमुळते बोर्ड वापरतात. किनाऱ्यालगत फुटणारी लाटही तितकीच घातक असते, तिने अनेकांच्या माना आणि पाठी मोडल्या आहेत.

हवाईतील जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात. त्यांची ‘२० फूट’ लाट समोरून सुमारे ४० फूट भरते. बाहेरच्या वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो.

डिसेंबर १९४३ मध्ये वुडी ब्राउन आणि डिकी क्रॉस हे दोघे सर्फर जवळच्या सनसेट बीचवर उतरले. समुद्र चढत गेला, परतीची वाट बंद झाली. वायमियाच्या खोल पाण्यातून किनारा गाठता येईल या आशेने ते कित्येक किलोमीटर हातांनी पाणी कापत आले, पण तिथेही लाटा बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोसळत होत्या. ब्राउन कसाबसा किनाऱ्याला लागला, क्रॉसचा मृतदेहही मिळाला नाही. त्या घटनेची दहशत बसली ती पुढची चौदा वर्षे. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्फर ग्रेग नोल आणि त्याचे सोबती पाण्यात उतरले, तेव्हा कुठे ती ओसरू लागली.

तरीही वायमियाचा खरा नायक विक्रमवीर नाही, जीवरक्षक आहे. १९४६ साली माउई बेटावर जन्मलेला एडी आयकाऊ १९६८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून रुजू झाला. त्याने शेकडो लोकांना वाचवले. इतर कोणी पाण्यात पाऊल टाकणार नाही अशा लाटांमध्येही तो जात असे. मार्च १९७८ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक बांधणीची जोडहोडी मोलोकाई बेटाजवळ उलटली. मदत आणण्यासाठी एडी एकटाच सर्फबोर्डवर लानाई बेटाकडे निघाला. बाकीचे खलाशी पुढे वाचले, तो मात्र कधीच सापडला नाही. संकटाच्या वेळी मागे न हटणाऱ्यासाठी ‘एडी वुड गो’ (एडी गेला असता) हे शब्द आजही हवाईभर वापरले जातात.

त्याच्या नावाची स्पर्धा पहिल्यांदा सनसेट बीचवर झाली आणि पुढे वायमियाला आली. हवाई मापाने किमान २० फूट लाटा दिवसभर टिकल्या तरच ती घेतात, त्यामुळे चाळीस वर्षांत ती डझनभर वेळाही झालेली नाही. २००९ नंतर ती थेट २०१६ मध्ये झाली, मग २०२३ मध्ये. त्या वर्षी स्त्रियाही पहिल्यांदाच या लाटांवर स्पर्धक म्हणून उतरल्या. विजेता ठरला ल्यूक शेपर्डसन. तो त्या दिवशी वायमियाच्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होता. आपली फेरी आली की तो सुट्टी घेऊन पाण्यात उतरे आणि फेरी संपली की पुन्हा पहाऱ्यावर हजर होई.