मेळघाटातली गिट्टी, नाकेदाराची ॲटलस आणि ग्रॅव्हल बाईक

हिवाळा लागला की परतवाड्याहून मेळघाटात सायकली घेऊन जाणारे वाढतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच की हे ग्रॅव्हल बाईक काय प्रकरण आहे बाप्पा, चिखलदऱ्याले चांगला डांबरी रोड असतांनी तुम्ही गोट्यागोट्यातून कायले जाता. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. सायकलीचं थोडं आणि रस्त्याचं जास्त, कारण माझा जीव रस्त्यात आहे.

अमेरिकेत आयोवा, कान्सास अशी शेतीची राज्यं आहेत, तिथं शेताशेतातून गिट्टीचे कच्चे रस्ते पसरलेत, आपल्या पांधनीच समजा, फक्त सरळसोट आखलेल्या. तिकडं २००५ मध्ये ट्रान्स आयोवा सुरू झाली आणि २००६ मध्ये कान्सासच्या एम्पोरियातून २०० मैलांची रेस, पहिल्या वर्षी फक्त ३४ जण होते (आज ती अनबाउंड ग्रॅव्हल नावानं जगभर माहीत आहे). तिथला गारगोटीसारखा दगड रोड बाईकचा बारका टायर कापून टाकते, आणि माउंटन बाईक एवढ्या लांब पल्ल्याले जड जाते, मंग लोकांनी मधला रस्ता काढला: वाकडं हँडल रोड बाईकचं, टायर ४० मिलिमीटरच्या आसपास, डिस्क ब्रेक, हवा कमी. २०२२ मध्ये इटलीत याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिपही झाली. सायकलीची गोष्ट एवढीच.

पण ४० मिलिमीटरचा टायर ऐकून मले पहिल्यांदा आबाजीची सायकल आठवली. आबाजी वनखात्यात नाकेदार होते, म्हणजे आताचे वनरक्षक, आणि त्यांच्याजवळ काळी ॲटलस होती. त्या सायकलीच्या टायरवर लिहिलेलं असते २८ बाय दीड, म्हणजे दीड इंच, म्हणजेच ३८ मिलिमीटर! गिअर नाही, ब्रेक सळईचे, मागं कॅरिअरवर शिधा, अन् ते बीट, म्हणजे त्यांच्या वाट्याचं जंगल, फिरायचे. म्हणून कोणी म्हणलं की ग्रॅव्हल हा शहरातल्या लोकांचा नवा शौक आहे तर मले पटत नाही, मेळघाटात गिट्टीवर सायकल आधीपासून आहे, पोस्टमन, मास्तर, नाकेदार सगळे त्याच्यावरच फिरले.

आता रस्ता. अचलपूर-परतवाडा सपाटीवर आहे, साधारण पावणेचारशे मीटर उंचीवर, आणि चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे तीसेक किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरचा चढ. वैराटचा माथा तर ११७८ मीटर. या डोंगरात चाकाचा रस्ता काढणं किती कठीण होतं याचा लेखी पुरावा १८०३ चा आहे. आडगावच्या लढाईनंतर इंग्रजांची फौज चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर आली, तिचे सेनापती दोन, वेलस्ली दक्षिणेकडून आणि स्टीव्हन्सन धामणगावाकडून डोंगरात शिरून उत्तरेच्या बाजूनं. वेलस्लीनं स्वतः कळवलंय की स्टीव्हन्सनच्या फौजेच्या जड तोफा आणि सामान सुमारे ३० मैल, डोंगरदऱ्यातून, माणसांनी हातानं ओढत नेलं आणि बहुतेक ठिकाणी रस्ता आधी फौजेलाच तयार करावा लागला. ७ डिसेंबरला निघाले ते १२ ला पोचले, ३० मैलांसाठी सहा दिवस! १५ तारखेला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारल्या गेला. धामणगाव गढीच्या बाजूनं चढतांनी मले दरवेळेस त्या तोफा ओढणाऱ्यांची आठवण येते, त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत.

मंग १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदरा हेरला, १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडं गेला, आणि त्यांचं लक्ष सागवानावर गेलं. जंगल राखीव झालं, कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पाडायले लागले, अन् कूप म्हणलं की लाकूड बाहेर काढायले गाडरस्ता पाहिजे. कोरकू लोकांची वनग्रामं वसवली ती पण याच कामाच्या मजुरीसाठी. म्हणजे आज ज्याले आपण ट्रेल म्हणतो तो बहुतेक ठिकाणी सागाचा रस्ता आहे, बैलगाड्यांनी पाडलेला, परतवाड्याच्या लाकूड आगाराकडं उतरणारा, आणि बाजूनं जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायले साफ ठेवलेला पट्टा. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं ज्या दोन खोल चाकोऱ्या पडल्या त्या अजूनही दिसतात, आणि आबाजी सांगायचे की सायकल चाकोरीत घालू नको, मधल्या गवताच्या पट्ट्यावर ठेव. आजही तोच सल्ला बरोबर आहे, चाकोरीत पुढचं चाक अडकलं की माणूस गेलाच हँडलवरून.

रस्ता एवढा कठीण का, तर दगडामुळं. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसॉल्टचा, तो फुटला की धारदार कोपऱ्याचे तुकडे होतात आणि झिजला की मुरूम, उतारावर मुरूम छऱ्यासारखा सरकते. गेल्या डिसेंबरात घटांगच्या अलीकडं अशाच एका गोट्यानं माझ्या टायरची बाजूची भिंत अशी चिरली की ट्यूबलेस टायरातलं पंक्चर बुजवणारं लिक्विड सगळं बाहेर, आतून चिंधी लावून ट्यूब टाकली, तीही बाभळीच्या काट्यानं गेली अन् सायकल चार किलोमीटर ढकलत न्यावी लागली. पावसाळ्यात तर विचारूच नका, खालच्या सपाटीतली काळी माती चाक आणि फ्रेमच्या मधात अशी भरते की चाक फिरतच नाही, आणि नाल्यावरच्या रपट्यावर शेवाळ. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक, आणि रस्त्यांचं नशीब बदललं. पुढं २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन कोअर (फक्त वन्यजीवांसाठी राखलेला गाभा) आणि बफर (त्याच्या भोवतीचा, गावं असलेला पट्टा) हा हिशोब पक्का झाला, कोअर सुमारे १५०० चौरस किलोमीटर. बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठून अकोटाकडं वसली. गाव उठलं की गाडी बंद, अन् गाडी बंद की दोन-तीन पावसाळ्यात चाकोरीवर गवत. मले हे पाहून दुःखही होते आणि बरंही वाटते, दोन्ही खरं आहे. त्या गावाच्या लोकांचं घर गेलं, आणि त्याच गवतावर आता सांबर अन् गवा चरते.

त्यामुळं कोअरमध्ये सायकल नाही म्हणजे नाही, कोणी कितीही व्हिडिओ टाकू दे. सायकलीवर माणूस वाघाले अन् अस्वलाले उंचीनं लहान दिसते, आवाज नसते, वळणावर एकदम समोर येते, अस्वल अशा वेळेस बिचकूनच अंगावर धावते. आपण चालवायचं ते बफरच्या बाजूचे, गावागावाले जोडणारे कच्चे रस्ते, तेही नाक्यावर विचारून, उन्ह चांगलं वर आल्यावर निघून आणि चारच्या आत परत. आमचा ग्रुप दर वेळेस पहिल्या नाक्यावर वहीत नावं लिहून जाते, आणि उतरतांनी तिथल्या वनरक्षकाले सांगून जाते की सगळे आलो, आठ गेलो होतो, आठ आहो.