सकाळी इंजिन सुरू होताना येणारी खडखड : व्हीव्हीटी फेजर का झिजतो

चिपळूणच्या आमच्या गॅरेजमध्ये पेट्रोल गाडी घेऊन येणारे अनेक ग्राहक एकच तक्रार सांगतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की बॉनेटखालून दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि मग ती आपोआप थांबते. थांबते म्हणून काहीजण वर्षभर तिच्याकडे लक्ष देत नाहीत, तर काहींना आधीच कोणीतरी इंजिन उघडण्याचा मोठा खर्च सांगून धास्तावून सोडलेले असते. हा आवाज नेमका कशाचा, हे गाडीमालकाला कळले तर तो या दोन्ही चुकांपासून वाचेल, या विचाराने हे पत्रक काढले आहे.

जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरात हवा घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, केव्हा उघडावा आणि केव्हा मिटावा ही वेळ कायमची ठरलेली असे. वास्तविक आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, एक वेळ सोयीची असते, तर भरधाव वेगात दुसरी. ही वेळ चालत्या इंजिनात बदलणारी यंत्रणा म्हणजे व्हीव्हीटी (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग). व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, टोकाला त्याला फिरवणाऱ्या टायमिंग चेनचे जे दातेरी चक्र असते, त्याच्या पोटात फेजर बसवलेला असतो. आमचे कारागीर त्याला व्हीव्हीटी पुली म्हणतात. त्याचे बाहेरचे कवच चेनबरोबर फिरते आणि आतला पात्यांचा रोटर कॅमशाफ्टला बोल्टने घट्ट आवळलेला असतो. या दोहोंमधल्या कप्प्यांत इंजिन ऑइल दाबाने भरते, आणि ते पात्याच्या कोणत्या बाजूला सोडायचे हे कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो, त्यामुळे रोटर कवचाच्या आत काही अंश पुढे-मागे सरकतो. म्हणजे ज्या ऑइलला आपण केवळ वंगण समजतो, तेच इथे हात बनून काम करते.

इंजिन बंद झाले की हा दाब नाहीसा होतो. तेव्हा रोटर सैल राहू नये म्हणून त्यात स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी लॉक पिन असते. रोटर मूळ स्थितीत आल्यावर ती कवचाच्या छिद्रात शिरून दोघांना जखडून ठेवते, आणि इंजिन सुरू होऊन दाब तयार झाला की मागे सरकते. बहुतेक वेळा सारे दुखणे या पिनेचे असते. व्हॉल्व्ह उघडताना त्याची स्प्रिंग कॅमशाफ्टला अडवते आणि मिटताना तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, त्यामुळे कॅमशाफ्टला सतत उलटसुलट झटके बसत असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात, मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला, कॅमशाफ्ट ४०० फेऱ्या घेतो आणि दर फेरीला चार वेळा अशी ओढाताण होते. म्हणजे मिनिटाला १६०० वेळा. पिन किंवा तिचे छिद्र थोडे जरी झिजले, तरी ऑइल पोहोचेपर्यंत प्रत्येक झटक्याला पाते कवचाच्या भिंतीवर आपटते. तीच ती खडखड. शिवाय प्रत्येक आपटण्याने छिद्र आणखी मोठे होते, म्हणून हा दोष आपोआप बरा होत नाही.

इंजिन तापल्यावर, सिग्नलला उभे असताना, ठकठक येत असेल तर कारण वेगळे असू शकते. पात्यांच्या टोकांवरील सील झिजले की तापून पातळ झालेले ऑइल एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपते आणि रोटर स्थिर राहत नाही.

झीज लवकर का होते, याचे उत्तर आमच्या अनुभवात बहुधा ऑइलमध्येच सापडते. वेळेवर न बदललेल्या ऑइलचा काळा चिकटा कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत अडकतो, व्हॉल्व्ह अडखळतो आणि पिन पूर्ण मागे किंवा पूर्ण आत जात नाही. हलक्या प्रतीच्या फिल्टरमधील रबरी पडदा कडक झाला की रात्रभरात वरच्या नळ्यांतले ऑइल खाली उतरते आणि सकाळी फेजर कोरडा राहतो. कोकणात याला आणखी दोन गोष्टींची भर पडते. पावसाळ्यात बाजारापर्यंत आणि परत इतकीच गाडी फिरली, तर इंजिन पुरते तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. मालक मुंबईला आणि गाडी गावच्या पडवीत, अशा गाड्यांचे किलोमीटर वाढत नाहीत, पण ऑइल मात्र जुने होते; गणपतीला किल्ली फिरवली की आवाज येतो तो म्हणूनच. दुसरी गोष्ट घाटाची. ऑइलची पातळी खाली गेलेली असताना कुंभार्ली घाटाच्या वळणांवर पंप ऑइलबरोबर हवाही ओढू शकतो आणि हवा मिसळलेले ऑइल रोटरला घट्ट धरू शकत नाही. घाट आहे म्हणून जाड ऑइल घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण ती व्हीव्हीटीच्या गाडीला मानवत नाही; ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड ऑइल घातल्यास ते सकाळी फेजरपर्यंत उशिरा पोहोचते. २२ जुलै २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी आपण नंतर विकत घेतली असेल, तर ते आम्हाला आधी सांगावे; ऑइलच्या वाटांत राहिलेला गाळ आम्ही मग मुद्दाम तपासतो.

आवाज आला म्हणून आम्ही लगेच फेजर बदलत नाही. प्रथम ऑइलची पातळी, त्याचा दर्जा आणि गेजवर दाब पाहतो, कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी तपासतो आणि गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावतो. पी ००११ किंवा पी ००१२ (कॅमशाफ्टची वेळ पुढे किंवा मागे सरकल्याचे) हे कोड आले, तर दोष केवळ कंट्रोल व्हॉल्व्हचा किंवा ऑइलचाही असू शकतो. पी ००१६ (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ चुकल्याचा कोड) आला तर ताणून लांब झालेल्या चेनचा संशय घ्यावा लागतो. चेन घट्ट धरणारा टेन्शनरही अनेक इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चालतो, त्यामुळे त्याचा सकाळचा आवाज फेजरसारखाच वाटतो. अखेर टायमिंग कव्हर उघडून फेजर पाहिला जातो : लॉक झालेला रोटर हाताने हलता कामा नये, हलला तर पिन गेली. झिजलेली पिन कोणत्याही ऑइलने किंवा बाटलीतल्या औषधाने भरून येत नाही. फेजर उघडून दुरुस्त करण्याची वस्तूही नव्हे. भंगारातून काढलेला फेजर आम्ही बसवत नाही, कारण त्याची पिन किती झिजली आहे याची हमी आम्हाला देता येत नाही. त्याच वेळी चेन ताणलेली आढळली, तर चेन, गाइड आणि टेन्शनर एकत्र बदलावेत असे आम्ही सुचवतो. तेच कव्हर दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी ग्राहकाने का द्यावी?

गाडी कमी फिरत असली तरी ऑइल आणि फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलावेत, निदान पावसाळा संपल्यावर एकदा तरी. किल्ली फिरवल्यावर काही सेकंद ॲक्सिलरेटर दाबू नये, आणि घाट चढून थांबल्यावर इंजिन आयडलिंगला थोडे स्थिरावू देऊन मगच बंद करावे, म्हणजे पिनेला आपल्या छिद्रात बसायला अवसर मिळतो.

हा आवाज गार इंजिनातच ऐकू येतो, म्हणून तपासणीसाठी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी आणि शक्य असल्यास सकाळी आपण स्वतः हजर राहावे. पहिली किल्ली आम्ही आपल्यासमोरच फिरवतो.