हील्डटाउन : एका मिशन शाळेच्या हस्तांतराची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात, फोर्ट ब्यूफर्टजवळ, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनची हील्डटाउन ही निवासी शाळा 1855 मध्ये सुरू झाली, ती केप वसाहतीच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या पाठबळाने आणि उद्योगशाळा म्हणून. अध्यापक प्रशिक्षण व हायस्कूल ही तिची खरी ओळख पुढच्या काळातली.

पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला थेंबू जमातीच्या राजघराण्यातला तरुण नेल्सन मंडेला 1937 मध्ये येथे दाखल झाला, तेव्हा शाळेत हजाराहून अधिक मुलेमुली होती. सकाळी सहाला पहिली घंटा होई. कोरडा पाव आणि साखर घातलेले गरम पाणी हा नाश्ता इंग्लंडच्या राजाच्या तसबिरीखाली बसून करावा लागे, आणि लोणी हवे असेल तर ते स्वतःच्या पैशाने. शिकवण पूर्णपणे इंग्रजी वळणाची होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच सभागृहात एकदा खोसा या आफ्रिकी भाषेतला नामवंत कवी बिबट्याचे कातडे पांघरून, हाती भाला घेऊन आला आणि पाहुण्या संस्कृतीची सत्ता कायम राहणार नाही असे गोऱ्या मुख्याध्यापकांसमोर बोलून गेला, हेही याच शाळेत घडले.

1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण वर्णभेदी सरकारच्या नेटिव्ह (म्हणजे मूळ आफ्रिकी लोकांच्या) व्यवहार खात्याकडे गेले. या प्रकरणात 'हस्तांतर' हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो दिशाभूल करणारा आहे, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र होतात. अध्यापक प्रशिक्षणाबाबत चर्चना पर्यायच ठेवला नव्हता. ते सरकारच्या ताब्यात जाणार हे ठरलेलेच होते. शाळांबाबत मात्र पर्याय होता : शाळा सरकारला द्याव्यात, किंवा टप्प्याटप्प्याने बंद होणाऱ्या अनुदानावर आणि पुढे स्वतःच्या खर्चाने चालवाव्यात. कॅथलिक बिशपांनी देणग्या गोळा करून दुसरा मार्ग धरला, जोहान्सबर्गच्या अँग्लिकन बिशपांनी शाळा सरकारला चालवायला देण्यास नकार दिला, आणि मेथडिस्ट चर्चने निषेध नोंदवून शाळा सोपवल्या. शाळा बंद पडल्या तर मुले रस्त्यावर येतील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. या चर्चच्या शाळांचा पसारा मोठा होता आणि त्यातल्या बहुतेक शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातूनच निघत. पण आफ्रिकी माणसाला ठरावीक मजुरीपलीकडे गोऱ्या समाजात स्थान नाही, असे या खात्याचे मंत्री फेरवूर्ट यांनी 1954 मध्ये संसदेत उघड सांगितल्यानंतर इमारती, बाके आणि शंभर वर्षांची पुण्याई त्याच धोरणाच्या हाती गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते निषेधाच्या ठरावाने हे वजन हलके होत नाही. निदान मोजक्या शाळा तरी स्वतःकडे ठेवायला हव्या होत्या.

अनेक ठिकाणी वसतिगृहे काही काळ चर्चकडेच राहिली, त्यामुळे रात्री मिशन आणि दिवसा सरकार अशी विचित्र विभागणी झाली. कायदा 1979 मध्ये नव्या नावाने बदलला, आफ्रिकी मुलांच्या शिक्षणाचे वेगळे खाते मात्र 1994 पर्यंत टिकले. हील्डटाउनची पडझड झाली. गेल्या दोन दशकांत ऐतिहासिक आफ्रिकी शाळांच्या जीर्णोद्धाराची जी योजना निघाली, तीत हिचाही समावेश झाला, आणि शाळेच्या जुन्या भिंतींवर पुन्हा काम सुरू झाले.