टॅरोची चित्रं इजिप्तची नव्हेत

टॅरो या भविष्य सांगण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पत्त्यांवरची चित्रं प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून आली, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून जन्मला. इजिप्तची कथा १७८१ मध्ये फ्रान्सचे लेखक कूर द जेबलँ यांनी रुजवली. आज सर्वाधिक ओळखीची चित्रं तर १९०९ची, लंडनच्या पामेला कोलमन स्मिथ यांची. मार्सेय नावाच्या जुन्या फ्रेंच संचात तलवारींच्या तिर्रीवर नुसत्या तीन तलवारी असत. पामेलाबाईंनी तिथे पाऊस आणि तलवारींनी भेदलेलं हृदय रेखाटलं. आकड्यांच्या पानांनाही असे प्रसंग मिळाले, म्हणून नवख्यालाही पान बघताच काहीतरी सुचतं, गोडी लागते. एवढं करूनही संचाला नाव लागलं ते प्रकाशक रायडर आणि तिच्याकडून चित्रं काढून घेणारे वेट यांचंच. याचं मला मनापासून वाईट वाटतं.