हायडनच्या सिम्फनीतली थट्टा: जडणघडण आणि कारागिरी

1761 साली ऑस्ट्रियन संगीतकार जोसेफ हायडन एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्यात उपसंगीतप्रमुख म्हणून चाकरीला लागला. तेव्हा वाद्यवृंदात 15च्या आसपास वादक होते. लिहिलेलं लगेच वाजवून बघायचं, जमलं नाही तर बदलायचं, ही चैन त्याला जवळजवळ 30 वर्षं मिळाली. ऐकणारेही ठरलेलेच. पुढे काय येणार याचा अंदाज त्यांच्या कानाला असे आणि हायडन नेमका तोच अंदाज चुकवी.

1772ची 45वी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) घ्या. घरापासून फार दिवस लांब राहिलेल्या वादकांना रजा हवी होती, अशी तिची कथा आहे. शेवटचा वेगवान भाग अर्ध्यावर थांबतो, संथ संगीत सुरू होतं आणि वादक एकेक करून उठून जातात. उरतात दोन व्हायोलिनं. ही सिम्फनी एफ शार्प मायनर या स्वरपट्टीत आहे. त्या काळच्या हॉर्न या फुंकवाद्याला झडपा नसत, त्यामुळे या पट्टीसाठी नळीचे खास जोडतुकडे बनवून घ्यावे लागले. थट्टेमागे एवढी तयारी असे! 60व्या सिम्फनीत तर व्हायोलिनची सर्वांत खालची तार आधीच एक स्वर उतरवून ठेवायची असते. शेवटच्या भागात वाजवता वाजवता वादक थांबतात आणि सर्वांसमक्ष ती तार सुरात लावतात.

1790मध्ये निकोलाउस एस्टरहाझी वारला. वारसाने वाद्यवृंद मोडीत काढला आणि सालोमन नावाच्या व्हायोलिनवादकाने हायडनला लंडनला नेलं. आता समोर तिकीट काढून येणारे श्रोते होते आणि स्पर्धेला स्वतःचाच शिष्य प्लेयेल. 94वी सिम्फनी तिथे 23 मार्च 1792 रोजी वाजली. दुसऱ्या भागातली धून अगदी बाळबोध आहे. पहिले 8 बार (म्हणजे तालाची आवर्तनं) दबक्या आवाजात, मग तेच 8 बार आणखी दबून, खालची तंतुवाद्यं बोटांनी छेडत. 16व्या बारला टिंपनीसह (मोठ्या नगाऱ्यांसह) अख्खा वाद्यवृंद एकदम कडाडतो. पहिल्या खर्ड्यात हा ठोका नव्हताच, तो मागाहून घातला. आम्हाला त्याहून मोठी कारागिरी वाटते ती पुढची: धून पुढे चार वेळा बदलून येते, त्या चार बदलांत तो ठोका तसा पुन्हा येत नाही आणि ऐकणारा मात्र प्रत्येक वळणावर त्याची वाट बघत बसतो.

हे बिघडतं कसं? पहिले 8 बारच मध्यम आवाजात वाजले, तर पुढे दबायला जागा उरत नाही. ठोक्याआधी लय किंचित रेंगाळली, तर श्रोता सावध होतो. समेवर येण्याआधी तबलजीने तोंड वळवून खूण करावी, तसं होतं ते.

90व्या सिम्फनीत (1788) शेवट झालासा वाटतो, 4 बार पूर्ण शांतता आणि मग भलत्याच स्वरपट्टीत, डी फ्लॅटमध्ये, संगीत पुन्हा सुरू. त्या शांततेत वाद्यं खाली ठेवायची नाहीत, पण हलायचंही नाही. हा भाग पुन्हा एकदा वाजवायची खूण हायडनने मुद्दाम लिहून ठेवली आहे. ती पाळली, तर टाळ्या दोनदा चुकतात.